आधी पेन्सिल, मग दोरा

तालुक्याच्या गावातलं पार्लर असो नाहीतर मुंबईतलं काचेच्या दाराचं सलून, तिथे दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य बहुधा एकच असतं: "आयब्रो करायच्यात." पाच-दहा मिनिटांचं काम आणि खर्चही किरकोळ, त्यामुळे त्यावर फारसा विचार होत नाही. केस कापायचे म्हटल्यावर आठवडाभर फोटो चाळणारी बाई भुवयांच्या बाबतीत खुर्चीत मान मागे टाकते, पापण्या ताणून धरते आणि "जास्त बारीक नको हं" एवढंच सांगून मोकळी होते. बारीक म्हणजे किती, आणि कुठे, हे दोरा फिरवणारीवर सोपवलेलं असतं.

वास्तविक चेहऱ्याची ओळख या दोन केसाळ पट्ट्यांवर किती अवलंबून असते, याची आपल्याला कल्पना नसते. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जाविद सद्र, इझ्झत जारुदी आणि पवन सिन्हा यांनी केलेला एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी नामांकित व्यक्तींचे फोटो घेतले. काही फोटोंतून डोळे पुसून टाकले, काहींतून फक्त भुवया. मग लोकांना विचारलं, हे कोण? डोळे नसलेल्या चेहऱ्यांपेक्षा भुवया नसलेले चेहरे ओळखणं लोकांना जास्त जड गेलं. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. भुवई हाडाच्या कंगोऱ्यावर बसलेली असते, कातडीच्या पार्श्वभूमीवर तिचा गडदपणा उठून दिसतो आणि डोळ्याचा रंगही कळत नाही इतक्या अंतरावरून ती दिसते.

ओळखीइतकीच ती भाव दाखवण्यासाठीही राबते. भरताच्या नाट्यशास्त्रात भुवयांच्या सात हालचाली वेगळ्या काढून नावानिशी सांगितल्या आहेत: उत्क्षेप, पातन, भ्रुकुटी, चतुर, कुंचित, रेचित आणि सहज. यातली रेचित म्हणजे एकच भुवई डौलात वर नेणं. आरशासमोर करून पाहा; बऱ्याच जणांना एका बाजूचं जमतं, दुसऱ्या बाजूचं जमत नाही. कपाळाचा रुंद स्नायू भुवया वर खेचतो आणि भुवयांच्या मधला छोटा स्नायू त्यांना आत-खाली ओढून आठ्या पाडतो. दोन्ही बाजूंचे स्नायू सारख्या ताकदीचे क्वचितच असतात.

हे सांगायचं कारण असं की पेन्सिल हातात घेतली की आपणही याच हालचाली रंगाने करत असतो. भुवयांची आतली टोकं एकमेकींकडे जास्त आणली आणि खाली उतरवली, तर चेहरा दिवसभर रागावलेला दिसतो. तीच टोकं वर आणि बाहेरची खाली केली, तर रडवेला. कमान फार उंच नेली तर समोरच्याला वाटतं, बाई कशाने तरी दचकलेल्या आहेत. चार्ल्स डार्विनने १८७२ च्या आपल्या पुस्तकात दुःखात आतून वर चढणाऱ्या तिरप्या भुवयांवर बरंच लिहिलं आहे. मेकअपची आवड असणाऱ्याने ते वाचलं तर उपयोगच होईल.

आता केस. डोक्यावरचा केस वर्षानुवर्षं वाढत राहतो, म्हणून वेणी घालता येते. भुवईचा केस एक-दोन महिने वाढतो आणि थांबतो. थांबल्यावर बराच काळ नुसता बसून राहतो, मग गळतो. म्हणूनच भुवया कापल्या नाहीत तरी कपाळावर लोंबत नाहीत. याच चक्रामुळे उपटलेली भुवई पूर्ववत व्हायला तीन-चार महिने सहज लागतात, कारण सगळी मुळं एका वेळी कामाला लागत नाहीत. आणि तेच केस वर्षानुवर्षं मुळासकट ओढत राहिलं तर काही मुळं कायमची बंद पडतात. हॉलिवूडची लाना टर्नर हिच्याबद्दलची हकिगत प्रसिद्ध आहे. १९३८ च्या मार्को पोलोवरच्या चित्रपटात एका छोट्या भूमिकेसाठी तिच्या भुवया काढून टाकल्या. त्या नीट परत आल्याच नाहीत आणि पुढे आयुष्यभर ती त्या पेन्सिलने रेखून घेत राहिली. नव्वदच्या दशकात तारेएवढ्या बारीक भुवया करून घेतलेल्या आपल्याकडच्या कित्येक मावश्या-आत्यांची गोष्ट थोड्या फरकाने हीच आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. भुवईत काही बदल करावासा वाटला तर तो आधी पेन्सिलने करावा, आठ-पंधरा दिवस मिरवून पाहावा आणि मगच दोऱ्याला हात लावू द्यावा. पेन्सिल रात्री पुसता येते.

फॅशनचा भरवसा तर अजिबात धरू नये. जपानमध्ये हेइआन काळात, म्हणजे ७९४ ते ११८५ या काळात, दरबारी स्त्रिया स्वतःच्या भुवया उपटून काढत आणि कपाळावर बऱ्याच वरती काजळीने दोन धूसर ठिपके रंगवत. हिकिमायु नावाची ही प्रथा पुढे शतकानुशतकं टिकली. नो नाटकातल्या तरुण स्त्रियांच्या मुखवट्यांवर आजही ती दिसते. चीनमध्ये हान काळातला झांग छांग नावाचा अधिकारी स्वतः बायकोच्या भुवया रंगवायचा, म्हणून त्याची दरबारात चहाडी झाली होती. नवराबायकोच्या प्रेमाचा दाखला म्हणून चिनी भाषेत तो अजून आठवला जातो. थांग काळातल्या चित्रांत मात्र आखूड, रुंद, पतंगाच्या पंखांच्या आकाराच्या भुवया दिसतात. आपल्या शिल्पचित्रपरंपरेने भुवईसाठी दोन नमुने धरले, कडुनिंबाचं पान आणि धनुष्य. अवनींद्रनाथ टागोरांनी भारतीय कलेतल्या शरीररचनेवर लिहिताना ते आकृत्यांसह दाखवले आहेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर उभं राहिलं की धनुष्याचा नमुना लगेच पटतो.

विसाव्या शतकापासून तर गाडी वारंवार उलटी फिरली. मूकपटातल्या क्लारा बोची रेघेसारखी भुवई, मग पन्नाशीच्या दशकात ऑड्री हेपबर्नची भरघोस, ऐंशीत ब्रुक शील्ड्सची त्याहून दाट, नव्वदीत पुन्हा रेघ, आणि २०१० नंतर कारा डेलेव्हिनमुळे पुन्हा जंगल. या सगळ्या धामधुमीत काजोलने सुरुवातीच्या चित्रपटांत जोडभुवई तशीच ठेवली आणि तिचं काही बिघडलं नाही.

भुवईचा आकार ठरवण्याची जी पद्धत मेकअपवाले शिकवतात, ती तीन रेषांची आहे. पेन्सिल किंवा सरळ काडी नाकपुडीच्या बाहेरच्या कडेला टेकवून उभी धरायची. ती भुवईला जिथे लागते तिथे भुवई सुरू व्हावी. मग समोर सरळ बघत काडी तिरपी करून बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून न्यायची. तिथे कमानीचा सगळ्यात उंच बिंदू. आणखी तिरपी करून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून नेली की जिथे लागेल तिथे शेपटाचं टोक. हे टोक भुवईच्या सुरुवातीपेक्षा खाली उतरलं तर डोळे पडल्यासारखे दिसतात. नाक रुंद असेल तर पहिली रेष फसते, भुवयांमध्ये नको इतकं अंतर पडतं. तेव्हा नाकपुडीऐवजी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरून उभी रेष धरावी. हे तीनही बिंदू शेवटी अंदाजच आहेत. तुमच्या भुवईखालचं हाड जिथे वळतं तिथेच तिची कमान शोभते, आणि ते हाड बोटाने चाचपता येतं. गोल चेहऱ्याला अमुक कमान, लांबट चेहऱ्याला तमुक, असे जे तक्ते फिरतात त्यांचा मला फारसा उपयोग दिसलेला नाही. हाड तक्ता वाचत नाही.

बिंदू ठरले की ते पेन्सिलने हलकेच टिपून मधला भाग भरायचा. आणि इथे बहुतेकजणी चुकतात, कारण आपण भुवई 'काढायला' बसतो, जणू ती बाह्यरेषा आहे. भुवईला कडा नसते. ती म्हणजे एकेका केसाची दाटी असते आणि त्या केसांना दिशा असते. नाकाजवळचे केस जवळजवळ सरळ वर उगवतात. पुढे ते बाहेरच्या बाजूला कलतात. मधल्या पट्ट्यात वरच्या ओळीतले केस खाली आणि खालच्या ओळीतले वर झुकतात, खजुरी वेणीत दोन बाजूंच्या बटा मध्ये येतात तसे, आणि त्यांची दाटी होते म्हणून भुवई मधोमध सगळ्यात गडद दिसते. शेपटाशी सगळे खाली वळतात. पेन्सिलचे फटकारे या दिशांनी, केसाएवढ्याच लांबीचे मारले तर रंग केसांत मिसळतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढली की शाळेच्या गॅदरिंगमधला राजा तयार.

आधी स्पूलीने, म्हणजे मस्काऱ्याच्या कांडीसारख्या छोट्या ब्रशने, केस वर विंचरायचे. ती नसेल तर जुना स्वच्छ टूथब्रश चालतो. वर विंचरल्यावर खरी विरळ ठिकाणं उघडी पडतात, आणि बहुतेकदा ती आपल्याला वाटली होती त्याहून कमी असतात. मग पेन्सिल मागच्या टोकाकडे सैल धरून कमानीच्या आसपास सुरुवात करायची, शेपटाकडे जायचं आणि नाकाजवळचा भाग शेवटी. कारण पहिल्या फटकाऱ्यांना रंग जास्त असतो, आणि नाकाजवळ भुवई सगळ्यात पातळ हवी. तिथे चौकोनी, गडद सुरुवात झाली की उरलेला सगळा चेहरा त्या दोन चौकोनांच्या मागे जातो. शेवटी पुन्हा स्पूली फिरवून फटकारे मोडायचे. भिंग असलेल्या आरशात हे काम करू नये. त्यात प्रत्येक फट मोठी दिसते आणि माणूस भरत सुटतो. साध्या आरशात, हातभर अंतरावरून, दोन्ही भुवया आलटून पालटून कराव्यात. दोन्ही तंतोतंत सारख्या होणार नाहीत. स्नायूच सारखे नाहीत हे वर आलंच आहे.

पेन्सिल, पावडर की पोमेड, हा प्रश्न दुकानात हमखास पडतो. पेन्सिलीत मेण, तेल आणि रंगद्रव्य असतं. केसासारख्या बारीक रेषा तिने उत्तम निघतात. पावडर तिरक्या कापलेल्या ब्रशने लावली की सावली पडल्यासारखा सौम्य परिणाम येतो आणि सवय नसलेल्या हाताच्या चुका ती सगळ्यात जास्त झाकते. पोमेड हे डबीतलं घट्ट मलम. टिकतं खूप, पण जरा जास्त झालं की भुवई छापल्यासारखी दिसते. लग्नात, कॅमेऱ्यासमोर ठीक आहे. ज्यांच्या भुवया मुळात दाट आहेत त्यांना यातलं काहीच नको, रंग नसलेली जेल फिरवून केस बसवले की झालं. पूर्वी पाण्याने ओला केलेला साबण ब्रशवर घेऊन हेच काम व्हायचं, आणि रंगपटात पात्राच्या भुवया झाकायच्या असतील तर रंगभूषाकार त्यावर साबण किंवा गोंद थापून केस चपटे करतात, वर मेकअपचा थर देतात आणि नवी भुवई दुसरीकडे काढतात.

रंगाचा विषय जरा सावकाश घ्यायला हवा. आपले केस काळे, म्हणून बाई दुकानात जाऊन काळी पेन्सिल मागते. पण भुवईत काळ्या केसांच्या मधून कातडी डोकावत असते, आणि दुरून डोळ्याला दिसतो तो या दोहोंचा मिलाफ, म्हणजे करडेपणाकडे झुकणारा गडद तपकिरी. मधल्या जागा काळ्याने बुजवल्या की कातडीचं ते डोकावणं बंद होतं आणि नुसता पट्टा उरतो. म्हणून केसांपेक्षा एखादी छटा फिकी घ्यावी. दुसरी अडचण तपकिरीची. सौंदर्यप्रसाधनांतला तपकिरी रंग बहुधा लोहाच्या काळ्या, लाल आणि पिवळ्या ऑक्साइडांच्या मिश्रणातून येतो. लाल जास्त असलेली 'ब्राउन' पेन्सिल कांडीवर छान दिसते आणि आपल्या वर्णावर लावली की तांबूस मारते. राखाडी झाक असलेला तपकिरी शोधावा. हातावर रेघ ओढून भागत नाही; भुवईजवळ लावून, दुकानाच्या बाहेर येऊन, उन्हात बघावं. केस पिकलेल्यांनी काळ्याचा हट्ट सोडून राखी-तपकिरी छटा घेतली तर चेहरा मऊ दिसतो.

टिकण्याचं गणित हवेवर ठरतं. मेण उष्णतेने सैल होतं आणि कपाळाच्या तेलात पेन्सिलचं तेल सहज मिसळतं, म्हणून मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत दुपारपर्यंत शेपूट गायब होतं. सनस्क्रीन किंवा फाउंडेशन भुवईवरून तसंच चोपडलेलं असेल तर आणखी लवकर. भुवया आधी टिपकागदाने कोरड्या कराव्यात, पेन्सिलवर त्याच छटेची पावडर हलकी दाबावी, वर जेल. दुचाकीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळून जाणाऱ्या मुलींनी शेपटाचा भाग ऑफिसात पोचल्यावरच भरावा, हे सगळ्यात व्यवहारी.

दोऱ्याबद्दलही दोन शब्द. पीळ दिलेल्या सुती दोऱ्याची पकड कातडीवरून सरकते आणि केसांची ओळच्या ओळ मुळासकट उचलते, त्यामुळे कड स्वच्छ येते. कित्येकींना त्या वेळी शिंक येते. चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूचाच तो खेळ आहे, घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते अस्वच्छतेला. दोऱ्याचं एक टोक दातात धरायची जुनी सवय अनेक ठिकाणी आहे आणि दोरा कातडीला बारीक ओरखडे पाडतो. त्यातून पुळ्या आणि चामखिळीचा संसर्ग पसरू शकतो. टोक गळ्यात अडकवायला सांगावं, दर वेळी नवा दोरा मागावा. चेहऱ्यावर रेटिनॉइडचं मलम चालू असेल तर वॅक्स टाळावं, कातडी सोलून निघते. आणि खुर्चीत बसण्यापूर्वी घरूनच पेन्सिलने हवा तो आकार भरून जावं. "या रंगाच्या बाहेरचे तेवढे काढा" हे वाक्य "जास्त बारीक नको"पेक्षा कितीतरी स्पष्ट आहे.

रोज भरायचा कंटाळा येतो म्हणून लोक कायमच्या उपायाकडे वळतात, आणि तिथे जपून. घरात केसांना लावायची काळी डाय उरली की बोटाने भुवईला फासली जाते, विशेषतः पन्नाशीपुढे, आणि पुरुषही यात मागे नाहीत. १९३० च्या दशकात अमेरिकेत लॅश ल्यूर नावाची पापण्या-भुवया रंगवायची डाय मिळत असे. तिच्यात पॅराफेनिलिनडायअमाइन हे आजही केसांच्या डायमध्ये वापरलं जाणारं रसायन होतं. तिने स्त्रियांचे डोळे भाजले, काहींची दृष्टी गेली. १९३३ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी घातक औषधं-प्रसाधनांचं जे प्रदर्शन मांडलं, त्यात या डायचे बळीही दाखवले होते. अमेरिकेतल्या १९३८ च्या अन्न, औषध आणि प्रसाधन कायद्यामागे जी उदाहरणं उभी होती त्यांत ही एक. आपल्याकडेही हे रसायन असलेल्या डायच्या वेष्टनावर सूचना छापणं कायद्याने सक्तीचं आहे: भुवया किंवा पापण्या रंगवण्यासाठी वापरू नये, अंधत्व येऊ शकतं. ती इतक्या बारीक अक्षरात असते की जिला गरज तिने चष्मा शोधेपर्यंत डाय लावून झालेली असते.

मायक्रोब्लेडिंगमध्ये बारीक सुयांच्या पात्याने केसासारख्या चिरा पाडून कातडीच्या वरच्या थरात रंग भरतात. वर्ष-दोन वर्षं, कधी जास्तही टिकतं. तेलकट त्वचेवर रेषा पसरून धूसर होतात. काळानुसार काहींचा रंग तांबूस होतो, काहींचा निळसर-करडा. जखमेचे व्रण उंच वाढण्याची प्रवृत्ती असेल तर या वाटेला जाऊच नये, आणि इतरांनी सुया नव्या सीलबंद आहेत ना हे डोळ्यांनी पाहावं. एमआरआय करताना भुवईत रंग भरलेला आहे हे तिथल्या तंत्रज्ञाला सांगावं. लोहयुक्त रंगामुळे क्वचित तिथे जळजळ होते. हे सगळं मान्य असलं तरी माझा आक्षेप उरतोच: पुढची फॅशन आली की ही भुवई कशाने पुसायची?

भुवई विरळ होण्यामागे दरवेळी दोरा नसतो. बाहेरचा एक तृतीयांश भाग अलीकडेच पातळ झाला असेल तर पेन्सिल घेण्याआधी थायरॉइड तपासून घ्यावं. ते कमी पडल्याचं हे जुनं, ओळखीचं लक्षण आहे. गोल चकत्यांनी केस गेले असतील, किंवा भुवया झडण्याबरोबर कातडीला बधिरपणा असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे लगेच जावं. कुष्ठरोगातही भुवया जातात, आणि तो आज औषधांनी पूर्ण बरा होतो.

केमोथेरपीत भुवया जाऊ शकतात, हे बऱ्याचजणींना डोक्यावरचे केस गेल्यानंतर कळतं आणि त्याचाच धक्का जास्त बसतो. उपचार सुरू होण्याआधी चेहऱ्याचा समोरून, दिवसाउजेडी, भुवया सैल सोडून एक फोटो काढून ठेवावा. पुढे आरशाशेजारी तो फोटो ठेवून वरचे तीन बिंदू टिपता येतात. केस नसताना मेणाची पेन्सिल गुळगुळीत कातडीवर घसरते, म्हणून आधी पावडरने आकाराची सावली द्यावी आणि तिच्यावर टोकदार पेन्सिलने मोजके फटकारे मारावेत. भुवई नसल्यामुळे कपाळाचा घाम थेट डोळ्यांत उतरतो, तेव्हा पाण्याने न उतरणारा रंग घ्यावा आणि रात्री तो चोळून न काढता तेलाच्या बोळ्याने भिजवून सोडवावा. उपचार संपल्यावर बहुतेकींचे केस काही महिन्यांत परत येतात. सुरुवातीला ते विरळ, वेगळ्याच पोताचे आणि आडवेतिडवे उगवतात. ते दिसायला कसेही दिसले तरी तेव्हा पार्लरची पायरी चढू नये, बाकीचे अजून यायचे असतात.